न हललेला आकडा

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि बसमधली उभी माणसं एकजात पुढे झुकली, एक सोडून. माझी बॅग समोरच्या बाईंच्या पाठीत गेली, एका मुलाच्या हातातली कॉफी त्याच्याच बाहीवर सांडली, मागून कोणीतरी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दारापाशी उभा असलेला तो माणूस मात्र होता तिथेच होता. ताठ. दोन खांबांच्या मधे त्याने स्वतःला असं काही अडकवून घेतलं होतं की बस उलटली असती तरी तो तसाच राहिला असता. लोक हसले, सॉरी म्हणाले, आपापल्या जागी परत आले. मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे गं, तुझी काय चूक त्यात." आणि मला दरदरून घाम फुटला. सगळं हललं होतं आणि एक हललं नव्हतं. हे मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते आठवायला मला दोन स्टॉप लागले.

खरं तर घाम फुटावा असा दिवसच नव्हता. सकाळचे साडेदहा वाजले होते. विद्यापीठाच्या लायब्ररीत जायचं, तिथल्या मशीनवर एक पत्र छापून घ्यायचं, खाली सही ठोकायची आणि पाचच्या आत ते परत पाठवायचं, एवढंच माझं काम होतं. पत्र नोकरीचं होतं, आणि नोकरी अशी की आमच्या वर्गातल्या साठही जणांनी तिच्यासाठी अर्ज केले होते. त्यातल्या दोघांना सुट्टीत दोन महिने तिथे काम करायला मिळालं आणि दोघांतून एकटीला पत्र आलं, ती मी. कंपन्या विकणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना सल्ला देणारी ती कंपनी, काचेच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. आमच्या वर्गात हिला सगळे नुसतं "वर" म्हणत. "वर जायचंय का तुला?" असं कोणी विचारलं तर स्वर्गाची चौकशी चालली आहे असं नवख्याला वाटायचं. पत्रासोबत तिथल्या माझ्या वरिष्ठ बाईंची चार ओळींची मेल होती. या बाई समोरच्याचं वाक्य अर्ध्यात कापायच्या, म्हणून आम्ही दोघा शिकाऊंनी त्यांचं नाव कात्री ठेवलं होतं. मेलही तशीच कापलेली. "पाचपर्यंत सही. फ्लास्कवाल्यांची मीटिंग आज तीनला. तुझेच कागद जातायत. शाबास." तो शेवटचा शब्द मी रात्रीपासून वीस वेळा तरी वाचला असेल. कात्रीने कोणाला शाबास म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

फ्लास्कवाल्यांचे, म्हणजे थर्मास बनवणाऱ्या एका कारखान्याचे, कागद. तिथेच. दुसऱ्या स्टॉपवर दार उघडलं तेव्हा मला ती मीटिंगची खोली लख्ख दिसली, लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर मी सहा आठवडे खपून केलेलं मॉडेल. मॉडेल म्हणजे आकड्यांनी भरलेल्या चौकोनांची चादरच. वर काही अंदाज टाकायचे, धंदा वर्षाला किती वाढेल, काच किती महागेल, आणि खाली पाच वर्षांचं भविष्य आपोआप मांडून यायचं, आणि अगदी तळाशी एकच आकडा, कारखान्याची किंमत. तिथला एक नियम पहिल्याच दिवशी आम्हाला देवाच्या शपथेवर शिकवला होता. हाताने टाकलेला आकडा निळा. हिशोबातून आलेला काळा. याला अपवाद नाही. निळा दिसला की विचारायचं, का टाकला, कोणी सांगितला. काळा दिसला की विश्वास ठेवायचा. त्या दिवशी कात्री म्हणाली, "वाढ शेकडा नऊ जास्त वाटतेय. सात कर." मी वरचा निळा नऊ खोडून सात केला आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत शेकडो काळे आकडे एकदम लवलवले. ते दृश्य मला फार आवडायचं. एक बोट दाबायचं आणि सगळं भविष्य कूस बदलणार. उजवीकडच्या रांगेत खालून चौथा एक आकडा मात्र तसाच राहिला. माझ्या डोळ्यांनी तो पाहिला होता, हे मी आज शपथेवर सांगते. माझ्यापर्यंत तो पोचला नाही. कात्री म्हणाली, "छान. पुढे." आणि मी पुढे गेले.

आता बसमध्ये, रिकाम्या झालेल्या सीटवर बसून, खिडकीला डोकं टेकून, मला तो चौकोन आठवला आणि तो कसा भरला गेला तेही आठवलं. पाचव्या वर्षी धंद्यात किती पैसा मालात आणि वसूल न झालेल्या बिलांत अडकून पडेल, तो चौकोन. दुपारच्या जेवणाची वेळ होती, बाकीचे खाली गेले होते, आणि माझं सूत्र स्वतःचीच शेपूट पकडून गोल गोल फिरत होतं. व्याज रोकडीवर अवलंबून, रोकड अडकलेल्या पैशावर, अडकलेला पैसा फिरून व्याजावर. मशीन दर वेळी तीच ताकीद देत होतं. मी वैतागले, भूक लागली होती, मी सूत्र पुसलं आणि जो आकडा यायला हवा होता तो हाताने टाकून मोकळी झाले. तात्पुरता. नंतर बघू. रंग काळाच राहिला, कारण सूत्राचा चौकोन आधीपासून काळा होता आणि मला जेवायला जायचं होतं. नंतर सूत्राचा तो गोल मी दुसऱ्याच ठिकाणी तोडला, मशीनची ताकीद थांबली, आणि ताकीद थांबली म्हणून मी चौकोन विसरले. एवढीशी गोष्ट. चोरी नाही, लबाडी नाही, भुकेल्या माणसाचा आळस. पण धंदा हळू वाढणार असेल तर त्यात पैसाही कमी अडकेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझा आकडा मात्र नऊच्या वाढीचा होता आणि सातच्या जगात तसाच ठाण मांडून बसला होता. आणि पाचवं वर्ष म्हणजे काही साधं वर्ष नव्हे. पाचव्या वर्षानंतरचं सगळं आयुष्य मॉडेल त्या एकाच वर्षावरून धरतं. म्हणजे रोकड कमी दिसणार, किंमत कमी दिसणार, आणि ती कमी किंमत आज तीन वाजता एका म्हाताऱ्या माणसासमोर ठेवली जाणार, की बाबा रे, तुझ्या कारखान्याचे एवढे माग.

त्या माणसाला मी पाहिलं होतं म्हणून सगळी पंचाईत. नुसता कागदावरचा मालक असता तर मी बहुधा पुढच्या स्टॉपपर्यंत स्वतःची समजूत घातली असती. एकदा तो वर आला होता. बारका, टक्कल पडलेला, हातांवर काचेच्या भट्टीचे जुने पांढरे डाग. आमच्या टेबलावरचा थर्मास त्याने उचलला, झाकण काढून कानाशी धरला आणि म्हणाला, "हा आमचा नाही. आमचा बोलत नाही असा." सगळे हसले, कात्रीसुद्धा जरा. मग तो माझ्या पडद्याकडे वळला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट काचेवर टेकवत एकेक आकडा विचारू लागला. चाळीस वर्षं कारखाना चालवलेला माणूस, त्याला आकड्यांची भीती नव्हती, पण हे असले हिशोब त्याने कधी पाहिले नव्हते. फिरत फिरत त्याचं बोट खालून चौथ्या चौकोनावर आलं. "आणि हा कुठून आला, पोरी?" मी एका दमात म्हणाले, "हिशोबातून आला, काका. काळा आहे ना, काळे सगळे हिशोबातूनच येतात." त्याने मान डोलावली. माझ्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला. बस वळणावर वळली आणि मला आठवलं की तेव्हा मला स्वतःचा किती अभिमान वाटला होता.

मग मी वकिली सुरू केली. माझ्या डोक्यात एक वकील बसलेला असतो, परीक्षेच्या आधी तो फार कामाला येतो. तो म्हणाला, कात्रीने पाहिलं, तिच्या वरच्याने पाहिलं, दोन जणांनी नुसतं तपासायचं म्हणून तपासलं, चार माणसांच्या नजरेतून जे सुटलं ते तुझ्या एकटीच्या डोक्यावर का? तो म्हणाला, किंमत काय कोणी डोळे मिटून देतं, घासाघीस होईलच. तो म्हणाला, आणि समजा गेलीस आणि सांगितलंस, तर तुला वाटतं ते पत्र राहील? चुका कबूल करणाऱ्या पोरीला कोण चौदाव्या मजल्यावर बसवतं? मी वर्गातल्या माझ्या जिवलग मित्राला फोन लावला. त्याला आम्ही शंभर टक्के म्हणतो, कारण तो कशालाही शंभर टक्केच म्हणतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी सही कर. शंभर टक्के. सही झाली की सोमवारी सांग." मी म्हणाले, "मीटिंग आज आहे." तो म्हणाला, "मग सांगूच नकोस. शंभर टक्के." मी म्हणाले, "दोन्ही शंभर टक्के कसे असतील रे?" तो म्हणाला, "तू मैत्रीण म्हणून विचारलंस की फायनान्सची विद्यार्थिनी म्हणून?" मी फोन ठेवला. उत्तर विनोदी होतं, पण मला हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर दुसरंही एक पत्र होतं, त्याचा मी विचारसुद्धा करत नव्हते. एका विमा कंपनीच्या रिस्क विभागातलं. आमच्या सरांनी माझं नाव दिलं म्हणून मी मुलाखतीला गेले होते, चपलांच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात चामड्याचा वास. तीन माणसांचा विभाग. त्यांचं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेली मॉडेल्स उघडायची आणि ती कुठे मोडतात ते शोधायचं. मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या कानावर पेन्सिल होती आणि त्या बोलताना ती कधी विसरायच्या, कधी शोधायच्या. त्यांनी मला एक छापील कागद दिला, तीस ओळींचा, आणि म्हणाल्या, "यात काय पटत नाही ते सांग. चूक असेलच असं नाही हं." मी अर्धा तास त्या कागदाशी भांडले. बाहेर आले तेव्हा कान गरम झाले होते, भूक मेली होती, आणि मला वाटलं, बरं नाही वाटत आहे, ताप असेल. पगार वरच्या नोकरीच्या निम्मा. त्यांना नाही कसं कळवायचं याचा मजकूर मी मनात तयार ठेवला होता, अगदी विनयाचा, "आपल्या वेळेबद्दल आभारी आहे" वगैरे. आईला तर मी त्या मुलाखतीबद्दल सांगितलंही नव्हतं. दोन वाटा असतात असं सगळे म्हणतात, म्हणून मी दोन ठिकाणी गेले होते, पण माझ्या लेखी वाट एकच होती आणि ती लिफ्टने जायची.

विद्यापीठाचा स्टॉप आला. मी उठले नाही. उठले नाही हे मला स्टॉप मागे पडल्यावर कळलं. पाय माझे होते आणि त्यांनी मला विचारलं नव्हतं. ही बस पुढे काचेच्या इमारतीवरून जाते.

खालच्या सुरक्षारक्षकाने मला ओळखलं, तरी पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला लावलं आणि छातीवर चिकटवायला एक स्टिकर दिला. लिफ्टमध्ये मी वाक्य जुळवत होते. मॅडम, माझ्या हातून एक. मॅडम, कदाचित तुमच्या लक्षात आलं असेल. मॅडम, एक किरकोळ. चौदा मजल्यांत एकही वाक्य पूर्ण झालं नाही, आणि तेच बरं झालं, कारण कात्रीने ते पूर्ण होऊच दिलं नसतं. ती खिडकीपाशी उभी राहून काहीतरी खात होती, उभ्या उभ्याच. मला पाहून म्हणाली, "सही हाताने द्यायची गरज—"

"पाचव्या वर्षाचा एक चौकोन हाताने टाकलेला आहे," मी म्हणाले. "काळा आहे. मी टाकला. वाढ सात केली तेव्हा तो हलला नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं वाक्य कापलं होतं. ती चावायची थांबली. तिने डबा बंद केला, झाकणाचे चारही कान एकेक करून बसवले, आणि टेबलाशी येऊन फाइल उघडली. मी बोट ठेवलं. तिने त्या चौकोनावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत सूत्र दिसायला हवं होतं, तिथे नुसता आकडा होता, उघडा, निर्लज्ज. मला वाटलं आता पत्र मागेल, फाडेल, पण पत्र तर मी छापलंच नव्हतं, मग फाडणार काय, आणि या मूर्ख विचाराने मला हसू यायला लागलं, ते मी गालात दाबून धरलं. तिने शेजारच्या चौकोनातलं सूत्र उचलून तिथे टाकलं. बटण दाबलं. सगळी चादर एकदा थरथरली आणि तळाचा आकडा वर चढला, नवव्या हिश्शाने. म्हणजे कारखान्याचे दहा भाग केले तर त्यातला एक आख्खा भाग माझ्या दुपारच्या भुकेने खाल्ला होता.

"चार जणांनी तपासलंय हे," कात्री म्हणाली. स्वतःशीच. मग माझ्याकडे वळून, "तुला कधी कळलं?"

"आत्ता. बसमध्ये."

"बसमध्ये काय—" तिने स्वतःचंच वाक्य कापलं. "जाऊ दे. मीटिंग तीनला. आता साडेअकरा. कागद परत छापावे लागतील."

जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. मी उभीच होते. आणि मग मी जे बोलले ते माझ्या वकिलाने सुचवलं नव्हतं, आईने शिकवलं नव्हतं, ते कुठून आलं मला माहीत नाही. मी म्हणाले, "मॅडम, एक असा निघाला तर आणखी असतील. मी बघू?"

"आणखी नाहीत."

"हा पण नव्हता."

तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

पुढचे दोन तास कसे गेले ते मी नीट सांगू शकत नाही आणि मला सांगायची फार इच्छा आहे. मी एकेका अंदाजाला हात घातला, काच महाग केली, स्वस्त केली, वीज दुप्पट केली, धंदा बुडवला, धंदा आभाळाला नेला, आणि दर वेळी डोळे बारीक करून बघत बसले की कोण हलत नाही. सहा आठवडे मी हीच चादर बांधली होती. बांधताना मला सतत भीती वाटायची, हे बरोबर दिसतंय का, ते कात्रीला आवडेल का, त्या दुसऱ्या शिकाऊचं माझ्यापेक्षा सुबक तर नाही. आता भीतीचा मागमूस नव्हता. शाळेत असताना एकदा मी घरातल्या भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं आणि आई ओरडत असतानाही मला तिचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, तसंच काहीसं झालं. कान गरम झाले. भूक मेली. एकदा कोणीतरी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि मी मान वर न करता थँक्यू म्हणाले, मग लक्षात आलं की ती कात्री होती. आणि त्या क्षणी मला स्वच्छ कळलं की त्या चपलांच्या दुकानाच्या वर मला ताप नव्हता आला. मला मजा आली होती. इतकी वर्षं अभ्यास करून मजेची आणि माझी गाठच पडली नव्हती, म्हणून ती आली तेव्हा मी तिला आजार समजले.

वीज दुप्पट केली तेव्हा तिसऱ्या वर्षातला एक कराचा आकडा हलला नाही. माझा नव्हता, त्या दुसऱ्या शिकाऊ मुलाने भरलेला भाग होता. जुन्या भट्टीच्या दुरुस्तीचा एक आकडा भट्टीच काढून टाकली तरी जागचा हलेना. आणि दीडच्या सुमाराला यंत्रांच्या झिजेच्या रांगेत, अगदी कडेला, एक काळा आकडा सापडला. त्याच्याकडे मी दोनदा पाहिलं, कारण तो आम्हाला सोपवलेल्या मूळ फायलीतला होता, आम्ही शिकाऊ येण्याच्या आधीचा. मी क्लिक केलं. उघडा. मी काही बोलायच्या आत कात्री माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "तो माझा आहे."

आता काय बोलणार? मॅडम, तुम्हालाही भूक लागते?

"मला घाई होती," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मला नेहमीच घाई असते." आणि तिने स्वतःच्या हाताने ते सूत्र लिहिलं, सावकाश, एकेक कंस मोजत. त्या तिन्ही चुका तशा किरकोळ निघाल्या, दोन तर एकमेकींना खाऊन टाकणारी. किंमत जवळपास तिथेच राहिली. पण आता मी कुठलाही निळा आकडा बदलला की सगळी चादर हलत होती, शेवटच्या टोकापर्यंत, एकही चौकोन मागे राहत नव्हता, आणि मी उगाचच, कामाची काही गरज नसताना, आणखी पाच-सहा वेळा ती हलवून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं. आनंदानेच आलं, दुसरं काही कारण नव्हतं.

तीन वाजायला दहा मिनिटं असताना फ्लास्कवाले मालक आले. कात्री म्हणाली, "तुला मीटिंगमध्ये बसायची गरज नाही." तिला म्हणायचं होतं की मी झाकून घेईन, आकडे सुधारलेत, कशाला बोभाटा. मलाही ते क्षणभर बरं वाटलं. पण ते लिफ्टमधून बाहेर आले, त्यांनी चष्मा पुसला, मला ओळखलं आणि म्हणाले, "अरे, हिशोबवाली पोरगी!" मग मला राहवेना. मी तिथेच, लिफ्टच्या दारात, म्हणाले, "काका, तुम्ही मला एक आकडा विचारला होता, कुठून आला म्हणून. मी चुकीचं सांगितलं. तो मी हाताने टाकला होता. त्यामुळे तुमची किंमत कमी दाखवली गेली होती. आज दुरुस्त केली."

लिफ्टचं दार मिटलं. मागे कात्रीने श्वास घेतला तो मला ऐकू आला.

"म्हणजे तू चुकलीस म्हणून मी कमी मागणार होतो."

"हो."

"आणि तू सांगितलंस म्हणून आता जास्त मागणार."

"हो. नववा हिस्सा जास्त."

"नववा!" ते म्हणाले. मग त्यांनी कात्रीकडे पाहिलं. "आमच्याकडे तयार माल काचेवर बोट वाजवून तपासणारी एक बाई आहे. तीस वर्षं. महिन्यातून एकदा सगळे भट्टीवाले मिळून माझ्याकडे येतात, म्हणतात, हिला काढा. मी काढत नाही." आणि ते मीटिंगच्या खोलीकडे चालू लागले, जणू काही खास बोलले नाहीत.

मीटिंग दीड तास चालली. मी बाहेर बसून राहिले. साडेचारला कात्री बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि पत्र टेबलावर ठेवलं. तिने स्वतः छापून आणलं होतं. जाड कागद, माझं पूर्ण नाव, खाली सहीची रेघ. "पाचपर्यंत," ती म्हणाली. "वर मी बोलले आहे. काही फरक पडत नाही. पडला असेल तर तुझ्या बाजूनेच पडलाय."

म्हणजे आता कोणी मला ढकलत नव्हतं. सकाळी मला वाटलं होतं की सांगितलं तर हे जाईल, आणि गेलं की मी दुसरीकडे जाईन, पडेल ते स्वीकारल्यासारखी. ते तसं झालं असतं तर मी जन्मभर म्हणत राहिले असते की माझ्या प्रामाणिकपणाची मला किंमत मोजावी लागली, आणि चारचौघांत त्याचं कौतुकही करवून घेतलं असतं. आता ते पत्र समोर होतं, पेन बाजूला होतं, आणि नको म्हणायचं तर नुसतं नको म्हणून नको म्हणायचं होतं. हात मांडीवर ठेवून मी त्या रेघेकडे पाहिलं. मी इतकी खूश होते की मला ते लपवावं लागत होतं.

"मॅडम, मी येत नाही," मी म्हणाले. "मला विमा कंपनीच्या रिस्क विभागात जायचंय. दुसऱ्यांची मॉडेल्स तपासायला."

"किती देतात?"

मी सांगितलं.

"वेडी आहेस."

"असेन."

"दिवसभर लोकांच्या चुका काढशील. एक माणूस थँक्यू म्हणणार नाही."

"तुम्ही तरी कुठे म्हणालात?"

हे तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. आणि कात्री हसली. ती हसू शकते हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मोठ्याने, मान मागे टाकून, आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली तरी हसतच होती. "थँक्यू," ती म्हणाली. पूर्ण शब्द, न कापता. मग पत्र उचलून त्याची घडी घातली आणि म्हणाली, "जा आता. मला तीन माणसांना ओरडायचंय. चार. मी धरून."

खाली रस्त्यावर आले तेव्हा ऑफिसं सुटायला लागली होती. फुटपाथच्या कडेला उभी राहून मी विमा कंपनीच्या बाईंना फोन लावला. मी येते म्हणाले. त्या म्हणाल्या, "एक मिनिट हं, लिहून घेते," आणि मग बराच वेळ नुसती खुडबूड ऐकू येत राहिली. मी म्हणाले, "बाई, कानावर बघा." पलीकडे त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. "सोमवारी ये," त्या म्हणाल्या. "एक मॉडेल आहे, तीन महिने झाले, ते बरोबर का आहे तेच आम्हाला कळत नाहीये." मी त्यांना म्हणाले नाही, पण मला सोमवारपर्यंत थांबवणार नव्हतं.

मग आईला. आई डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, नंबर देते, नावं पुकारते, आणि संध्याकाळी पाचला तिथे ही गर्दी असते. तिने फोन उचलला आणि माझं ऐकायच्या आधीच म्हणाली, "झाली सही?"

"नाही आई. मी नाही म्हणाले."

"कोणाला?"

"त्यांना. वरच्यांना."

मागे कोणीतरी आपला नंबर कितवा म्हणून विचारत होतं. मी भरभर सांगायला लागले, दुसरी नोकरी आहे, पगार निम्मा आहे, पण आई, मला आज दोन तास काय वाटलं ते तुला कसं सांगू, मी आज जेवले नाही आणि मला कळलंसुद्धा नाही, मला आत्ता रस्त्यात ओरडावंसं वाटतंय. मी बोलत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता, उंच, पोरकट, भरून आलेला.

"थांब," आई म्हणाली. "नीट सांग. त्यांनी तुला ये म्हटलं होतं?"

"हो."

"आज? शेवटपर्यंत?"

"पत्र समोर होतं, आई. पेनसुद्धा होतं."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

तिने फोन बाजूला घेतला, पण ठेवला नाही. मला वाटलं रडते आहे. मग मला तिचा आवाज आला, नंबर पुकारायचा तो खणखणीत आवाज, खोलीभर जाणारा. "अहो, दोन मिनिटं दम धरा सगळ्यांनी. डॉक्टर कुठे पळून जात नाहीत. माझ्या मुलीने आज त्या काचेच्या इमारतीतल्या लोकांना नाही म्हटलंय. समोर बसून. तिला दुसरं काम आवडलं म्हणून." कोणीतरी काहीतरी विचारलं. आई म्हणाली, "ते मला नाही कळलं हो अजून. रात्री विचारते तिला. पण आवाज ऐका ना तिचा," आणि तिने फोन त्या सगळ्या अनोळखी, डोळ्यांत औषध घालून बसलेल्या माणसांच्या दिशेने धरला. मी रस्त्यात उभी राहून त्यांना नमस्कार म्हणाले.